लिंक इथली, ब्राउझर तिथला

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची १.० ही आवृत्ती आली, तेव्हा वेब पाहणाऱ्या दर दहा माणसांतली जवळपास नऊ माणसं इंटरनेट एक्स्प्लोररवर होती. नवा ब्राउझर हलका होता, त्यात टॅब होते, न बोलावता उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या तो अडवत होता. लोक हौसेनं त्याच्याकडे आले आणि लगेच अडले. बँकेचं पान अर्धवटच दिसायचं, फॉर्म भरून ‘सबमिट’ दाबलं तर पान ढिम्म हलायचं नाही, आणि काही संकेतस्थळं तर दारातच सांगायची की इथे फक्त एक्स्प्लोररवाल्यांना प्रवेश. मग पत्ता कॉपी करा, एक्स्प्लोरर उघडा, पेस्ट करा, एंटर मारा. दिवसातून एकदा हे ठीक. सारखंच करायची वेळ आली की माणूस मुकाट्यानं जुन्या ब्राउझरकडे परत जायचा.

ही कटकट वाचवायला फायरफॉक्ससाठी जी ॲड-ऑनं निघाली, त्यांत दोन तऱ्हा होत्या. ‘आयई व्ह्यू’ हे सरळमार्गी होतं. लिंकवर राइट क्लिक केलं की मेन्यूत एक जादा ओळ दिसे. ती निवडली की तेच पान एक्स्प्लोररच्या वेगळ्या खिडकीत उघडे. एखादं संकेतस्थळ कायमचं यादीत घातलं, तर विचारायचंही काम उरत नसे. दुसरं ‘आयई टॅब’. तैवानमधल्या प्रोग्रामरच्या हातून आलेल्या या ॲड-ऑनची करामत मोठी होती. ते वेगळी खिडकी उघडतच नसे. फायरफॉक्सच्या टॅबमध्येच एक्स्प्लोररचं इंजिन आणून बसवत असे. वरची पट्टी फायरफॉक्सची, आतलं पान एक्स्प्लोररनं रंगवलेलं.

हे जमत होतं, कारण ब्राउझर म्हणून आपण जे पाहतो त्यात दोन भाग असतात. पत्त्याची पट्टी, टॅब, बुकमार्क हा बाहेरचा सांगाडा. आणि पानाचा मजकूर वाचून तो पडद्यावर मांडणारं इंजिन वेगळं. फायरफॉक्सचं इंजिन गेको, एक्स्प्लोररचं ट्रायडंट. मायक्रोसॉफ्टनं ट्रायडंट हा विंडोजचाच एक सुटा भाग करून ठेवला होता, त्यामुळे कुठलाही प्रोग्राम त्याला हाक मारू शकत होता. म्हणूनच आयई टॅब विंडोजबाहेर कधी चाललं नाही. लिनक्सवाल्यांना ती सोय नव्हती, आणि बहुतेकांना ती नकोच होती.

एकच पान दोन इंजिनांत वेगळं दिसण्यामागे कधी आळस असे, कधी धोरण. आळस असा, की पान तयार करणारा ते एक्स्प्लोररमध्ये तपासून मोकळा होई. धोरणाचं नाव ॲक्टिव्हएक्स. १९९६ साली मायक्रोसॉफ्टनं आणलेल्या या तंत्रात वेबपान तुमच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवू शकत होतं, आणि त्याला तुमच्या यंत्रावर जवळजवळ मोकळं रान मिळत होतं. सोय जबरदस्त, धोका तितकाच. इतर ब्राउझरांनी ते घेतलं नाही, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

मराठी वाचकाला या वेगळेपणाची झळ एका अनपेक्षित ठिकाणी लागली, ती म्हणजे वर्तमानपत्रात. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी दैनिकांची संकेतस्थळं स्वतःचे खास फॉन्ट वापरत. वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं दिसावीत म्हणून पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची युक्ती होती, आणि तिचा सर्वाधिक चालणारा प्रकार मायक्रोसॉफ्टचा होता. १९९७ च्या एक्स्प्लोरर ४ पासून तो आला आणि दुसऱ्या कुठल्याच मोठ्या ब्राउझरनं तो कधी स्वीकारला नाही. परिणाम असा, की फायरफॉक्समध्ये अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. तीच लिंक एक्स्प्लोररमध्ये उघडली की स्वच्छ देवनागरी. अमेरिकेत किंवा आखातात बसून सकाळी गावाकडची बातमी शोधणाऱ्यांनी एक्स्प्लोरर काढून टाकला नाही, त्याला हेही एक कारण होतं.

पण एकाच ब्राउझरात अडकण्याचा कळस गाठला दक्षिण कोरियानं. नव्वदच्या दशकात अमेरिकेनं बळकट सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर बंधनं घातली होती. परदेशात जाणाऱ्या ब्राउझरांत ४० बिटांची तकलादू चावी असे. कोरियाला इंटरनेट बँकिंग हवं होतं, म्हणून त्यांनी १९९८ मध्ये ‘सीड’ नावाची स्वतःची १२८ बिटांची पद्धत तयार केली. ब्राउझरांना ती येत नव्हती. मग ती ॲक्टिव्हएक्सच्या पोटात घालून प्रत्येकाच्या संगणकावर बसवली गेली, आणि बँकेच्या व्यवहाराला सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्राची अट घातली गेली. थोड्याच काळात अमेरिकेनं निर्बंध सैल केले, मूळ कारण संपलं. व्यवस्था मात्र तशीच राहिली. मॅक विकत घेणारा कोरियन माणूससुद्धा बँकेसाठी कुठेतरी विंडोज राखून असे. २०१४ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी या गोष्टीचा जाहीर उल्लेख केला, तो एका कोटाच्या निमित्तानं. एका लोकप्रिय कोरियन मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी चाहत्यांना हवा होता, पण कोरियन दुकानांच्या संकेतस्थळांवर पैसे भरणं त्यांना जमेना. त्या प्रमाणपत्राचा खास दर्जा अखेर डिसेंबर २०२० मध्ये संपला.

आपल्याकडे अशी एकच एक सक्ती नव्हती, पण तिची छोटी भावंडं होती. ई-निविदा भरताना डिजिटल सही करायची तर यूएसबी टोकन लावायचं आणि ब्राउझरात जावा ॲपलेट चालवायचं. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये जावासारखी जुन्या पद्धतीची प्लगिनं चालवणं बंद केलं. एक्स्प्लोररमध्ये ती चालतच राहिली. त्यामुळे कंत्राटदारांच्या कचेरीत, सीएच्या ऑफिसात इतर सगळं काम क्रोममध्ये आणि सहीपुरता एक्स्प्लोरर, अशी विभागणी आपोआप झाली. तिथला मुलगा ती बिनबोभाट सांभाळत असे. कुठली लिंक कुठे उघडायची हे त्याला तोंडपाठ असे.

आता प्रत्यक्ष हस्तांतराकडे वळू. एका ब्राउझरनं दुसऱ्याला लिंक द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? वरकरणी फार सोपं आहे. प्रत्येक ब्राउझर हा एक प्रोग्राम. त्याचं नाव आणि पुढे पत्ता अशी आज्ञा संगणकाला दिली, की तो प्रोग्राम सुरू होऊन तो पत्ता उघडतो. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे तत्त्व हेच. आज्ञेत आणखी शब्द घालता येतात: क्रोमला ‘इन्कॉग्निटो’ सांगितलं तर खासगी खिडकी, फायरफॉक्सला खासगी खिडकीचा वेगळा शब्द, मायक्रोसॉफ्टच्या एजचा आणखी वेगळा. ॲड-ऑनाचं काम एवढंच, की तुम्ही ज्या लिंकवर क्लिक केलंत तिचा पत्ता उचलायचा आणि ही आज्ञा जुळवायची.

या साध्या आज्ञेत किती विष भरता येतं, हे जुलै २००७ मध्ये जगाला कळलं. फायरफॉक्स बसवला की तो विंडोजमध्ये ‘फायरफॉक्सयूआरएल’ नावाचा एक पत्त्याचा प्रकार नोंदवत असे. मेलटूनं सुरू होणारी लिंक मेलचा प्रोग्राम उघडते, तशी या नावानं सुरू होणारी लिंक फायरफॉक्स उघडायची. विंडोजच्या नोंदीत आज्ञेचा साचा तयार होता, आणि त्यात पत्त्याची जागा दोन अवतरणचिन्हांमध्ये होती. सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं, की पत्त्यातच एक अवतरणचिन्ह पेरलं तर पत्ता तिथेच संपल्यासारखा होतो आणि पुढचा मजकूर फायरफॉक्सला हुकूम म्हणून वाचला जातो. म्हणजे वाचक एक्स्प्लोररमध्ये एका पानावर जातो, ते पान फायरफॉक्स उघडतं, आणि फायरफॉक्स हल्लेखोराचा कोड चालवतो. दोन्ही ब्राउझर एकाच यंत्रावर असले तरच हे घडू शकत होतं.

मग सुरू झाली जुनीच तक्रार, चूक कोणाची. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, एक्स्प्लोररमध्ये दोष नाही. आलेला पत्ता तपासणं हे घेणाऱ्याचं काम. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं, अवतरणचिन्ह निकामी न करता पुढे ढकलणं हाच दोष. मोझिलानं १७ जुलैला २.०.०.५ ही आवृत्ती काढून आपल्या बाजूची खिंड बुजवली. आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की इतर प्रोग्रामना पत्ते देताना फायरफॉक्ससुद्धा नेमकं तेच करत होता. मोझिलाच्या सुरक्षाप्रमुख विंडो स्नायडर यांनी ते जाहीरपणे मान्य केलं आणि महिना संपायच्या आत आणखी एक दुरुस्ती निघाली. पत्ते हाताळण्याच्या विंडोजच्या पद्धतीतल्या दोषावर मायक्रोसॉफ्टनंही नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती दिली. माझ्या मते देणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून, दोन्हीकडे तपासणी हवी. त्यातला एक झोपला तरी दुसरा जागा पाहिजे.

या काळातली फायरफॉक्सची ॲड-ऑनं फार ताकदवान होती. ती ब्राउझरच्या आत ब्राउझरच्याच हक्कांनी वावरत. फाइल वाचत, कुठलाही प्रोग्राम सुरू करत. आयई व्ह्यूसारखं ॲड-ऑन त्याच बळावर दुसरा ब्राउझर उघडू शकत होतं. पण हवामान दाखवणाऱ्या एखाद्या क्षुल्लक ॲड-ऑनालाही तेच बळ होतं, आणि ते वाईट हातात पडलं तर वापरणाऱ्याचं काही खरं नव्हतं. शिवाय ब्राउझरचे आतले भाग बदलले, की हजारो ॲड-ऑनं मोडत. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि मोझिलानं जुनी पद्धत मोडीत काढली. नव्या ॲड-ऑनांचा साचा क्रोमशी बराचसा जुळणारा. त्यांना टॅब पाहता येतात, मेन्यूत ओळ घालता येते, पानात फेरफार करता येतात. पण संगणकावरचा दुसरा प्रोग्राम सुरू करता येत नाही. लिंक दुसऱ्या ब्राउझरात उघडणं हेच ज्यांचं काम, त्यांच्या पायाखालची जमीनच गेली.

किल्ल्याचा महादरवाजा बंद झाला तरी त्याच्या फळीत दिंडी दरवाजा असतो, तशी एक वाट मात्र ठेवलेली आहे. तिला नेटिव्ह मेसेजिंग म्हणतात; क्रोममध्ये ती २०१३ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०१६ पासून. ॲड-ऑन स्वतः बाहेर जाऊ शकत नाही, पण आधीच बाहेर उभ्या असलेल्या एका मदतनीस प्रोग्रामशी बोलू शकतं. तो मदतनीस तुम्ही स्वतः, ॲड-ऑनाच्या दुकानाबाहेरून, वेगळा डाउनलोड करून बसवायचा. त्याच्याबरोबर एक छोटी फाइल येते: मदतनिसाचं नाव काय, तो डिस्कवर कुठे आहे, आणि कोणत्या ॲड-ऑनांनी त्याला हाक मारलेली चालेल. त्या यादीत नाव नसलेल्या ॲड-ऑनाला ब्राउझर परस्परच नकार देतो. विंडोजवर या फाइलचा ठावठिकाणा रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो, लिनक्सवर ती ठरलेल्या फोल्डरात ठेवावी लागते.

बोलणंही मोजूनमापून. आधी चार बाइटांत निरोपाची लांबी, मग निरोप. मदतनिसाकडून ब्राउझरकडे येणारा निरोप एक एमबीच्या वर गेलेला चालत नाही. लिंक उघडण्यासाठी एवढं काहीच लागत नाही. पत्ता आणि ब्राउझरचं नाव, संपलं काम. मदतनीस ते वाचतो, दुसरा ब्राउझर सुरू करतो आणि अनेकदा तिथेच स्वतःही बंद होतो.

पाहिजे तो ब्राउझर निवडून लिंक उघडणारी आजची बरीचशी ॲड-ऑनं याच वाटेनं चालतात. ॲड-ऑन घेतलं, राइट क्लिक केलं आणि काहीच घडलं नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा मदतनीस बसवायचा राहिलेला असतो. उबंटू या लिनक्सवर आणखी एक अडसर होता. एप्रिल २०२२ च्या आवृत्तीत तिथे फायरफॉक्स फक्त ‘स्नॅप’ या बंदिस्त वेष्टनात येऊ लागला आणि त्या वेष्टनाला सुरुवातीला मदतनिसांशी बोलताच येत नव्हतं. ती सोय नंतर आली.

मदतनीस घेताना मात्र डोळे उघडे हवेत, कारण तो ब्राउझरच्या पिंजऱ्याबाहेर असतो. तुमच्या खात्याला जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं. लेखकानं कोड खुला ठेवला आहे का, तो केवळ एचटीटीपी आणि एचटीटीपीएसनं सुरू होणारेच पत्ते घेतो का, पत्ता आज्ञेच्या ओळीत चिकटवण्याऐवजी वेगळा मूल्य म्हणून देतो का, हे पाहणारा माणूस विरळा. पण २००७ ची गोष्ट माहीत असलेल्याला हे प्रश्न पडतीलच. आणखी एक: ॲड-ऑन काढून टाकलं तरी मदतनीस जात नाही. तो वेगळा बसवला होता, वेगळाच काढावा लागतो.

दुसरा ब्राउझर उघडला खरा. पण तिथे पोचतो तो फक्त पत्ता. तुमचं लॉगिन पोचत नाही, कारण ते ज्या कुकीत आहे ती पहिल्या ब्राउझरच्या ताब्यात असते. बँकेच्या आतल्या पानाची लिंक अशी पाठवली, तर पलीकडे बहुधा लॉगिनचं पानच उघडतं. फॉर्म भरून मिळालेला निकाल पोचत नाही. भरलेली माहिती पत्त्यात नसते. पान कुठपर्यंत वाचलं होतं, ती जागाही नाही. पानानं त्याच ब्राउझरच्या स्मृतीत तयार केलेल्या ‘ब्लॉब’ पत्त्याच्या फाइल तर पलीकडे अस्तित्वातच नसतात. आणि जे पत्त्यात आहे ते सगळं मात्र जातं: जाहिरातदारांनी लावलेली लांबलचक शेपटी, आणि एखाद्या निष्काळजी संकेतस्थळानं लॉगिनची खूणच पत्त्यात ठेवली असेल तर तीसुद्धा. पासवर्ड बदलण्याची मेलमधली एकदाच चालणारी लिंक आधी इथे उघडून मग तिथे पाठवली, तर तिथे ती शिळी निघण्याची शक्यता मोठी.

काही लोक हे न पोचणंच मुद्दाम वापरतात, आणि आज या ॲड-ऑनांचा मोठा उपयोग तोच आहे. पानं मोडण्याचा त्रास आता बराच कमी झाला. बहुतेक ब्राउझर क्रोमियमच्याच पायावर उभे आहेत. पण ऑफिसचं खातं एका ब्राउझरात, घरचं दुसऱ्यात, समाजमाध्यमं तिसऱ्यात कोंडलेली, अशी वाटणी करणारे पुष्कळ आहेत. तेवढ्यासाठी दुसरा ब्राउझरच लागतो असं नाही. फायरफॉक्सच्या कंटेनर टॅबांत एकाच खिडकीत कुकींचे वेगळे कप्पे करता येतात, आणि क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल उघडता येतं. मॅकवर ‘चूझी’, ‘फिनिकी’ यांसारखे प्रोग्राम तर स्वतःच डिफॉल्ट ब्राउझर होऊन बसतात आणि आलेली प्रत्येक लिंक नियम पाहून योग्य ब्राउझरकडे धाडतात. ज्याला मेल आणि चॅटमधल्या लिंकांचीही वाटणी हवी, त्याला ॲड-ऑनापेक्षा हा मार्ग बरा, कारण ॲड-ऑनाला फक्त स्वतःच्या ब्राउझरातलं दिसतं.

मोठ्या कंपन्यांत हा निर्णय कर्मचाऱ्यावर सोडत नाहीत. गूगलनं क्रोमसाठी ‘लेगसी ब्राउझर सपोर्ट’ हे ॲड-ऑन याच कामाला काढलं, आणि पुढे ती सोय क्रोममध्येच घातली. सिस्टिम ॲडमिन यादी करी. यादीतलं जुनं संकेतस्थळ आलं की क्रोम ते आपोआप एक्स्प्लोररकडे देई, यादीबाहेरचं आलं की परत क्रोम. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं एक्स्प्लोरर निवृत्त केला, पण ट्रायडंट अजून गेलेला नाही. एजमध्ये ‘आयई मोड’ आहे, टॅब एजचा आणि आत ट्रायडंट, म्हणजे आयई टॅबचीच कल्पना, या वेळी थेट मायक्रोसॉफ्टच्या घरून. तो निदान २०२९ पर्यंत चालेल असं कंपनीनं सांगितलं आहे.

मायक्रोसॉफ्टनं उलट्या दिशेचा खेळही खेळून पाहिला. विंडोजच्या शोधपट्टीतून किंवा बातम्यांच्या पट्टीतून क्लिक केलं, की डिफॉल्ट ब्राउझर काहीही असो, पान एजमध्येच उघडायचं. कारण त्या लिंकांचा पत्ता ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ या खास शब्दानं सुरू होत असे. डॅनियल आलेक्सांडरसन यांनी २०१७ मध्ये ‘एजडिफ्लेक्टर’ हा चिमुकला प्रोग्राम लिहिला. तो स्वतःला त्या शब्दाचा मालक म्हणून नोंदवे, शब्द छाटून टाके आणि उरलेला पत्ता तुमच्या आवडीच्या ब्राउझरला देई. नोव्हेंबर २०२१ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं ही वाट बंद केली. युरोपात मात्र डिजिटल मार्केट्स कायद्यापुढे कंपनीला नमतं घ्यावं लागलं. मार्च २०२४ च्या मुदतीआधी तिथल्या विंडोजमध्ये अशा लिंका डिफॉल्ट ब्राउझरात उघडण्याची व्यवस्था तिनं केली. भारतातल्या विंडोजला तो कायदा लागू नाही.

फोनवर तर ॲड-ऑनांची मात्रा फारशी चालतच नाही. तिथे लिंक कोणी उघडायची हे अँड्रॉइड किंवा आयओएस ठरवतं. पैसे देताना आपण रोज क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात ‘यूपीआय’ या शब्दानं सुरू होणारा पत्ताच असतो. वेबपानावर तशी लिंक दाबली की पैसे भरण्याच्या ॲपांपैकी कोणतं उघडायचं ते अँड्रॉइड फोन विचारतो. ब्राउझरांच्या बाबतीत ही निवड उशिरा आली. आयफोनवर डिफॉल्ट ब्राउझर बदलण्याची मुभा सप्टेंबर २०२० मध्ये आयओएस १४ नं दिली. तरीही समाजमाध्यमांच्या अनेक ॲपांत लिंक दाबली की पान त्या ॲपच्या पोटातच उघडतं. तिथे तुमचं नेहमीचं लॉगिन नसतं, जाहिरात अडवणारं ॲड-ऑनही नसतं. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘ब्राउझरमध्ये उघडा’ अशी ओळ बहुतेक ॲपांत असते, पण ती दर वेळी स्वतःच शोधून दाबावी लागते.